थांबलेल्या संगणकाची चौकशी

‘पीसी बंद पडला’ अशी तक्रार कानी आली, म्हणजे विचारण्याजोगा पहिला प्रश्न एकच असतो: बंद पडला म्हणजे नेमके काय झाले? बटण दाबल्यावर आत काहीच हालचाल होत नाही, पंखासुद्धा फिरत नाही, ही एक अवस्था. पंखे फिरतात, दिवे लागतात, परंतु पडदा काळाच राहतो, ज्याला दुकानदार मंडळी ‘डिस्प्ले येत नाही’ असे म्हणतात, ती दुसरी. पडद्यावर पांढरी अक्षरे उमटतात आणि एखाद्या ओळीवर येऊन सारे ठप्प होते, ती तिसरी. आणि विंडोजचे चिन्ह दिसू लागताच यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते व हा फेरा अखंड चालू राहतो, ती चौथी. या चारही अवस्थांना आपण एकच नाव देतो खरे. परंतु त्यांची कारणे वेगळी, उपाय वेगळे आणि खर्चही वेगळा. ज्या यंत्राचा पंखासुद्धा फिरत नाही, त्याची हार्डडिस्क पुसून तीवर विंडोज नव्याने बसविण्याने काहीही साधणार नाही, हे थोडा विचार केल्यास कोणाच्याही ध्यानात येईल; तरीही ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे वाक्य पुष्कळदा कॅबिनेटचे झाकण उघडण्यापूर्वीच ऐकू येते, आणि त्या एका वाक्यापायी किती कुटुंबांची छायाचित्रे, पत्रव्यवहार आणि हिशेब कायमचे नाहीसे झाले असतील, याची गणती कोणी केलेली नाही. यंत्र कोणत्या टप्प्यावर थांबले आहे याची खातरजमा झाल्यावाचून एकही भाग बदलू नये आणि एकही अक्षर पुसू नये, हा या प्रकरणातील मुख्य आग्रह आहे.

संगणक चालू होणे ही एक घटना नव्हे, ती घटनांची परंपरा आहे. मामलेदार कचेरीत एखादे प्रकरण जसे एका मेजावर शेरा मिळाल्यावाचून पुढच्या मेजावर जात नाही, तसाच येथील बंदोबस्त असतो: भिंतीतील वीज प्रथम एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरविणाऱ्या पेटीच्या, हवाली होते, एसएमपीएस आपले दाब स्थिर झाल्याचा दाखला मदरबोर्डाला देतो, तो मिळाल्यावर प्रोसेसर बायोसमधील, म्हणजे मदरबोर्डावरच साठविलेल्या मूळ आज्ञावलीतील, पहिली आज्ञा वाचतो, बायोस स्मृती (रॅम), पडदा, की-बोर्ड यांची हजेरी घेतो, आणि सगळे रुजू असल्याची खात्री पटली म्हणजे हार्डडिस्कच्या अगदी पहिल्या खंडातील मजकूर वाचून कारभार तिच्यावर सोपवितो. हा सारा क्रम निरोगी यंत्रात काही सेकंदांत उरकतो, आणि म्हणूनच तो क्रम आहे हे आपल्या लक्षात येत नाही. येथे ज्या यंत्रांचा विचार केला आहे ती इंटेलने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या एटीएक्स आराखड्याप्रमाणे बांधलेली, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग घेऊन जोडवलेली, आणि साधारणतः २०१० पूर्वीची होत. आजही अनेक घरांतून, छापखान्यांतून आणि लहान कार्यालयांतून ती टिकून आहेत.

प्रारंभ भिंतीपासून करावा. येथे आपल्याकडचा नेहमीचा टेस्टर माणसाची दिशाभूल करतो, कारण तो केवळ फेज दाखवितो. न्यूट्रलची तार तुटलेली असली तरी त्यातला दिवा लागतो आणि ‘वीज आहे’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. त्यापेक्षा त्याच सॉकेटमध्ये टेबलावरचा दिवा लावून पाहावा. मधे यूपीएस असल्यास तो काही वेळ वगळून संगणक थेट भिंतीला जोडावा, कारण यूपीएसमधील बारा व्होल्टची शिशाची बॅटरी तीन-चार वर्षांत निकामी होते आणि कित्येक स्वस्त यूपीएस बॅटरी मेल्यावर पुढे वीजच सोडत नाहीत. मॉनिटरला स्वतंत्र वीज लागते आणि त्याचेही स्वतंत्र बटण असते, ही गोष्ट सांगण्याइतकी साधी असली तरी न सांगण्याइतकी क्षुल्लक नाही.

भिंतीपाशी सर्व ठीक असल्यास एसएमपीएसकडे वळावे. एटीएक्स पद्धतीच्या यंत्रात पुढचे बटण विजेचा प्रवाह स्वतः तोडत किंवा जोडत नाही. ते मदरबोर्डाला केवळ इशारा देते, आणि मदरबोर्ड तो इशारा हिरव्या तारेवाटे एसएमपीएसला पोहोचवितो. हे शक्य व्हावे म्हणून यंत्र ‘बंद’ असतानाही जांभळ्या तारेतून पाच व्होल्टचा एक लहान प्रवाह अहर्निश चालू असतो. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली सुरक्षिततेची: आतील कोणत्याही भागाला हात लावण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढलाच पाहिजे, आणि काढल्यानंतर पुढचे बटण एकदा दाबून उरलासुरला विद्युद्भार निचरू दिला पाहिजे. दुसरी निदानाची: एसएमपीएस मदरबोर्डापासून पूर्णपणे सोडवून, त्याच्या रुंद जोडणीतील हिरवी तार आणि शेजारची कोणतीही काळी तार कागदाच्या टाचणीने जोडावी, एखादा जुना सीडी ड्राइव्ह भार म्हणून लावावा, आणि मग प्लग घालावा, एसएमपीएसचा पंखा फिरू लागला तर त्यात जीव आहे, न फिरला तर दोष तेथेच आहे. मल्टिमीटर हाताशी असेल तर अधिक नेमके कळते. पिवळ्या तारेवर बारा, तांबड्यावर पाच आणि नारिंगीवर ३.३ व्होल्ट यावयास हवेत, आणि त्यांत शेकडा पाचांपर्यंतच फरक चालतो. म्हणजे पिवळी तार ११.४ च्या खाली उतरली, की पंखा कितीही जोमाने फिरत असला तरी तो एसएमपीएस विश्वासार्ह राहिलेला नाही. मात्र एसएमपीएसची पेटी उघडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. २३० व्होल्टची वीज तेथे एकदिश होऊन सुमारे ३२० व्होल्टच्या दाबाने मोठ्या कपॅसिटरांत साठविलेली असते, आणि प्लग काढल्यानंतरही ती काही काळ तशीच राहू शकते.

त्या पेटीच्या मागील बाजूस कित्येकदा एक लहानशी तांबडी सरकपट्टी असते आणि तिच्यावर ११५ व २३० असे दोन आकडे असतात. अमेरिकेत नोकरीस असलेल्या मुलाने किंवा भावाने आपला जुना संगणक मायदेशी आणून दिला, की प्रथम पाहावयाची वस्तू हीच. ११५ वर ठेवलेल्या पट्टीचे मंडल विजेचा दाब दुप्पट करण्यासाठी योजिलेले असते. त्याला आपल्याकडची २३० व्होल्टची वीज मिळाली म्हणजे आतील कपॅसिटरांवर सहाशेहून अधिक व्होल्टचा ताण येतो आणि एका क्षणात मोठा आवाज होऊन सारे संपते. अशा रीतीने गेलेल्या एसएमपीएसची दुरुस्ती करीत बसण्यात अर्थ नाही, तो बदलावा.

एसएमपीएस निर्दोष ठरला आणि तरीही बटणाला प्रतिसाद नाही, तर संशय बटणावर घ्यावा. ते प्लास्टिकचे असते, वर्षानुवर्षे दाबले जाऊन झिजते, किंवा आत अडकून राहते. त्याच्या दोन बारीक तारा मदरबोर्डाच्या कोपऱ्यातील ज्या दोन पिनांवर बसविलेल्या असतात त्या काढून, स्क्रूड्रायव्हरचे टोक त्या दोन पिनांना क्षणभर टेकवावे. यंत्र सुरू झाले, तर दुरुस्ती बटणापुरतीच उरते. एटीएक्सच्या आधीच्या यंत्रांना हा प्रयोग सर्वस्वी वर्ज्य आहे, कारण त्यांच्यात पुढच्या बटणापर्यंत घरातील पूर्ण दाबाची वीज आलेली असते.

आता दुसरी अवस्था, आणि माझ्या मते सर्वांत विचारार्ह. पंखे फिरत आहेत, पडदा काळा आहे. एसएमपीएसमधील सर्व दाब स्थिर झाल्यावर, म्हणजे साधारण सेकंदाच्या दशांशापासून अर्ध्या सेकंदापर्यंतच्या अवधीत, करड्या तारेवाटे ‘सर्व ठीक’ असा संकेत जातो आणि तोवर प्रोसेसरला रोखून धरलेले असते. तो सुटला, की कोणाचीही वाट न पाहता आपल्या पत्त्यांच्या प्रदेशाच्या अगदी माथ्याशी, शेवटून सोळा बाइट अलीकडे जातो आणि तेथील आज्ञा वाचतो. ती आज्ञा त्याला बायोसमध्ये घेऊन जाते. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पहिला पीसी बाजारात आणला तेव्हापासून ही प्रथा चालत आलेली आहे, आणि बायोसने कारभार पुढे सोपविण्यापूर्वी आपल्या अवयवांची परीक्षा घ्यावी हा दंडकही तेव्हापासूनचाच. परीक्षेत कोणी अनुत्तीर्ण झाला आणि पडद्यावर लिहून सांगण्याची सोयही अजून झालेली नसली, तर बायोस कॅबिनेटमधील लहानशा स्पीकरवाटे बीप देतो. अवॉर्ड या बायोसमध्ये एक दीर्घ आणि दोन ऱ्हस्व बीप म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार. एएमआयच्या बायोसमध्ये त्याच तक्रारीसाठी आठ ऱ्हस्व बीप येतात. लांबलचक बीप थांबून थांबून येत राहिला तर अवॉर्डच्या भाषेत तो रॅमचा आक्रोश समजावा. मदरबोर्डासोबत आलेली पुस्तिका जपून ठेवली असेल, तर तिच्यातील या संकेतांचे पान अशा प्रसंगी सोन्याच्या मोलाचे ठरते. पुष्कळ स्वस्त कॅबिनेटांत मात्र हा स्पीकरच बसविलेला नसतो, आणि मग बोलू पाहणारे यंत्र मुके ठरते. चार पिनांवर बसणारा एक इवलासा बझर अगदी अल्प किमतीत मिळतो, तो अवश्य बसवून घ्यावा.

या बझरच्या आधारे एक असा प्रयोग करता येतो, ज्याचे मला दरवेळी नवल वाटत आले आहे. प्लग काढून, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर विद्युत् उतरवून, रॅमच्या सर्व पट्ट्या काढून घ्याव्यात आणि रॅमवाचूनच यंत्र चालू करावे. ते बीप देऊ लागले, तर एका आवाजात पुष्कळ गोष्टी सिद्ध होतात: एसएमपीएस चालू आहे, प्रोसेसर जिवंत आहे, बायोस वाचला जात आहे, आणि रॅम नसल्याचे ओळखण्याइतका मदरबोर्ड शुद्धीवर आहे. दोष मग रॅम, तिची खाच किंवा डिस्प्ले यांपुरता उरतो. उलट रॅम नसतानाही पूर्ण शांतता असेल, तर चौकशी मदरबोर्ड आणि प्रोसेसर यांच्याकडे न्यावी. त्यातही प्रथम प्रोसेसरजवळची चार पिनांची, बारा व्होल्टची स्वतंत्र जोडणी नीट बसली आहे ना हे पाहावे. पेंटियम ४ च्या काळात आलेली ही जोडणी सुटलेली असली तर पंखे डौलाने फिरतात आणि प्रोसेसर मात्र उपाशी राहतो.

रॅमचा दोष पुष्कळदा रॅममध्ये नसतोच. तो तिच्या स्पर्शात असतो. पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची एक ओळ असते, जुन्या एसडीरॅमला १६८, डीडीआरला १८४, डीडीआर २ ला २४०, आणि यांतील एका दाताचा खाचेशी असलेला संपर्क बिघडला तरी सारी पट्टी बाद ठरते. कोकणातील दमट हवेत, किंवा मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या घरांत, पावसाळाभर न वापरलेल्या यंत्रात हे नेमाने घडते. पट्टी बाहेर काढून उजेडात तिरपी धरली, तर निरोगी दातांची पिवळी झळाळी जेथे मंदावलेली असते तेथे एक मलिन, तपकिरी पुटासारखा थर दिसतो. टेबलावर कोरे कागद अंथरून, पट्टी कडेने धरून, पांढऱ्या मऊ खोडरबराने दातांवर वरून खाली हलक्या हाताने पुसत जावे. आडवे घासू नये, आणि शाई खोडण्याचे खरखरीत रबर मुळीच वापरू नये, कारण सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. रबराचा भुगा ब्रशाने झटकून, दुसरी बाजूही तशीच पुसून, खाचेतील धूळ फुंकून नव्हे तर हवेच्या पंपाने काढून, पट्टी दोन्ही टोकांच्या कड्या आपोआप ‘टक्’ असा आवाज करून मिटेपर्यंत सरळ दाबावी. तोंडाने फुंकल्यास ओलावा जातो, म्हणून तसे करू नये. पट्ट्या दोन असतील तर आधी एकच बसवावी, मग दुसरी, मग खाच बदलून. ही अदलाबदल कंटाळवाणी आहे, परंतु सदोष पट्टी कोणती आणि सदोष खाच कोणती हे तिच्यावाचून कळत नाही.

सर्व करूनही यश आले नाही, तर विजेरी घेऊन प्रोसेसरच्या भोवतालची ती उभी, नळकांड्यांसारखी कपॅसिटरांची रांग निरखावी. कारागीर त्यांना कंडेन्सर म्हणतात. १९९९ च्या सुमारापासून पुढील काही वर्षांत जगभर तयार झालेल्या असंख्य मदरबोर्डांत सदोष विद्युद्द्राव भरलेले कपॅसिटर बसविले गेले, आणि नामांकित कंपन्यांची यंत्रेही त्यातून सुटली नाहीत. आत वायू साचून अशा कपॅसिटरचा माथा फुगतो. त्यावर मुद्दाम पाडलेल्या फुलीच्या रेघा असतात त्या वायूला वाट मिळावी म्हणूनच; तेथून तपकिरी, वाळलेल्या डिंकासारखा पदार्थ ओघळलेला दिसला, की निदान पुरे झाले. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी असे एक यंत्र होते: हिवाळ्याच्या सकाळी ते पहिल्या, दुसऱ्या प्रयत्नाला दाद देत नसे, चार-पाच वेळा बटण दाबल्यावर मात्र चालू होई आणि मग रात्रीपर्यंत बिनतक्रार चाले. घरच्या मंडळींनी हे यंत्राचे वार्धक्य म्हणून सोडून दिले होते. वस्तुतः तो अगदी नेमका इशारा होता, कारण जीर्ण कपॅसिटरचा अंतर्गत रोध थंडीत वाढतो आणि किंचित ऊब मिळाली की उतरतो. झाकण काढले तेव्हा रांगेतील तीन माथे घुमटासारखे उचलले गेलेले होते. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिराने तितक्याच धारणक्षमतेचे, तितक्याच किंवा अधिक व्होल्टचे, १०५ अंशांपर्यंत टिकणारे आणि कमी रोधाचे कपॅसिटर, पांढऱ्या पट्ट्याची ऋण बाजू सांभाळून बसविले आणि ‘बोर्ड गेला’ असा ज्याचा निकाल लागला असता ते यंत्र पुन्हा कामास लागले. डाग देणे ही मुलाबाळांनी पाहून करण्याची गोष्ट नव्हे. परंतु असे हात आपल्या गावांतून अजून आहेत, आणि त्यांच्याकडे जाण्याची आपण तसदी घेत नाही, याचे मला वाईट वाटते.

उष्णता आणि घड्याळाची बॅटरी यांविषयी थोडक्यात. यंत्र चालू होऊन मिनिटा-दोन मिनिटांत आपण होऊन बंद पडत असेल, तर प्रोसेसरवरील पंखा, त्याखाली धुळीने चोंदलेला धातूचा ठोकळा आणि दोहोंमधील वाळून पापुद्रा झालेली उष्णतावाहक पेस्ट यांची तपासणी करावी. तारीख दरवेळी मागे जाऊन पडद्यावर एफ १ दाबण्याची विनंती येत असेल, तर मदरबोर्डावरील नाण्याएवढी तीन व्होल्टची सीआर २०३२ बॅटरी संपली आहे. ती बदलली, तारीख लावली, की बहुधा काम झाले. काही मदरबोर्ड मात्र ही बॅटरी पूर्ण मेल्यावर चालू होण्यासच नकार देतात, म्हणून कोणताही महागडा भाग घेण्यापूर्वी ही काही रुपयांची बॅटरी एकदा बदलून पाहावी.

पडद्यावर अक्षरे आली, म्हणजे प्रकरण शेवटच्या मेजापाशी पोहोचले. बायोस आता हार्डडिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा खंड वाचतो आणि त्याच्या अखेरच्या दोन बाइटांत ठराविक खूण सापडली तरच पुढे जातो. ‘डिस्क बूट फेल्युअर’ किंवा ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ अशी ओळ येऊन यंत्र थांबले, तर आधी विसरून राहिलेली फ्लॉपी किंवा पेनड्राइव्ह काढून घ्यावा. कित्येकदा बायोस त्यातच विंडोज शोधत बसलेला असतो. त्यानंतर बायोसच्या पानावर हार्डडिस्कचे नाव दिसते की नाही हे पाहावे, कारण येथे वाटा फुटतात. नाव दिसत नसेल तर दोष केबलीत, विजेच्या जोडणीत किंवा खुद्द डिस्कमध्ये आहे. सपाट चाळीस पिनांची जुनी केबल असल्यास ती दोन्ही टोकांना काढून पुन्हा बसवावी आणि शक्यतो बदलून पाहावी. नाव दिसत असूनही विंडोज उठत नसेल, तर बिघाड बहुधा मजकुरात आहे, आणि नेमकी हीच ती जागा, जेथे ‘फॉरमॅट’चा सल्ला मिळतो. त्या सल्ल्याला येथे ठामपणे नकार द्यावा. लिनक्सची एखादी सीडी घालून यंत्र तिच्यावरून चालू करता येते आणि विंडोजला स्पर्श न करता सर्व फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेता येतात. किंवा हार्डडिस्क काढून स्वस्त यूएसबी ॲडॅप्टरच्या साह्याने दुसऱ्या संगणकाला जोडता येते. डिस्कमधून एकसारखा ‘टक्-टक्’ असा आवाज येत असेल तर मात्र तत्काळ वीज बंद करावी आणि पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. वाचणारे शीर्ष आपली जागा सापडत नसल्याने धडपडत असते, आणि प्रत्येक नव्या प्रयत्नाने पृष्ठभागावरील मजकूर अधिकच खरवडला जाण्याची भीती असते. अशी डिस्क डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकारांच्या स्वाधीन करावी.

फाइली उतरवून घेताना मराठी लेखकांनी, संपादकांनी आणि छापखानदारांनी एक गोष्ट विशेषेकरून सांभाळावी. त्या काळातील आपला बहुतेक मराठी मजकूर युनिकोडमध्ये नाही. तो श्रीलिपी, आकृती किंवा पुण्याच्या सी-डॅकने घडविलेल्या आयएसएमसारख्या प्रणालींच्या स्वतंत्र संकेतांत टंकलिखित झालेला आहे. अशी फाइल नव्या संगणकावर नुसती नेऊन उघडली, तर आजोबांच्या आत्मचरित्राच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन चिवडा दिसतो, आणि माणूस ती फाइल खराब झाली असे समजून टाकून देतो. ती खराब झालेली नसते. तिला वाचण्याचे साधन मागे राहिलेले असते. म्हणून ‘माय डॉक्युमेंट्स’बरोबरच विंडोजच्या फोल्डरातील ‘फाँट्स’ हा संपूर्ण फोल्डर, तसेच पेजमेकरसारख्या प्रणालीत केलेली पाने असतील तर तिच्या फाइलींचा फोल्डरही, आहे तसा उतरवून घ्यावा, आणि हस्तलिखित कोणत्या फाँटमध्ये आहे याची नोंद त्याच्याजवळच एका साध्या मजकूर-फाइलीत करून ठेवावी. फाँट हाती असला, की मूळ मजकूर पुन्हा वाचता येतो आणि संकेत बदलणाऱ्या साधनांच्या साह्याने तो युनिकोडमध्ये आणताही येतो. एवढे झाल्यावर त्या यंत्रावर विंडोज पुन्हा बसवावे की ते भंगारात द्यावे, हा प्रश्न खुशाल विचारात घ्यावा. भंगारात द्यावयाचे ठरल्यास ते ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्यावे, आणि हार्डडिस्क तत्पूर्वी काढून घरीच ठेवावी.